लग्नाचा हिशेब मांडणारी जेन

आज ज्या बाईबद्दल आपण बोलणार आहोत तिने सहा कादंबऱ्या लिहिल्या. सहाही लग्नावर संपतात. ती स्वतः मात्र शेवटपर्यंत बिनलग्नाची राहिली. तिचं नाव जेन ऑस्टिन. १६ डिसेंबर १७७५ ला इंग्लंडमधल्या हॅम्पशर भागात, स्टीव्हनटन नावाच्या खेड्यात ती जन्मली. वडील गावच्या चर्चचे धर्मगुरू. घरात सहा मुलगे आणि दोन मुली. उत्पन्न बेताचं, म्हणून वडील बाहेरची मुलं घरी शिकायला ठेवत आणि थोडी शेतीही बघत. काळ कोणता ते ध्यानात यावं म्हणून सांगतो: जेन वारली जुलै १८१७ मध्ये, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात आपल्याकडे खडकीची लढाई झाली. म्हणजे शेवटच्या बाजीरावाच्या काळातली ही बाई.

आमच्यातल्या काहींना ती बी.ए.च्या अभ्यासात एका धड्यापुरती भेटली होती. परीक्षेपुरतं वाचलं आणि विसरलो. पुढे गटाचं काम करायला लागल्यावर ती पुन्हा हातात आली, तेव्हा कळलं की कॉलेजात हिच्याबद्दल अर्धंच सांगितलं होतं. प्रेमाच्या गोष्टी लिहिणारी, विनोदी लिहिणारी, एवढंच. पण तिच्या कुठल्याही कादंबरीची पहिली चार-पाच पानं उघडा. कुणाचं वर्षाचं उत्पन्न किती, जमीन कुणाच्या नावावर, बाप मेल्यावर मुलींच्या पदरात काय पडणार, हे आधी येतं. प्रेम मागून येतं. मासिक बैठकीत वह्या मिटल्यावर आम्ही या गोष्टी थोड्या थोड्या सांगायला लागलो. गोऱ्या मडमांच्या गोष्टी कशाला, असं आधी काही जणी म्हणाल्या. दुसऱ्या बैठकीत त्याच विचारायला लागल्या, त्या पाच बहिणींचं पुढे काय झालं?

त्या पाच बहिणींकडे येऊच. त्याआधी तिथला कायदा थोडा समजून घेऊ, नाहीतर विनोद कळणार नाही.

त्या काळच्या इंग्लंडात जमीनदाराची जमीन सहसा थोरल्या मुलाकडे जायची. धाकट्या मुलांनी फौजेत, आरमारात, चर्चमध्ये किंवा वकिलीत पोट भरायचं. मुलींना ठरवून ठेवलेली थोडी रक्कम मिळायची, तीही बापाने ठेवली असेल तर. काही इस्टेटी तर कागदोपत्री अशा बांधून टाकलेल्या असत की त्या पुरुष वारसाकडेच जाव्यात. घरात मुलगा नसेल तर दूरच्या चुलत भावाकडे जातील, पण पोटच्या मुलीकडे नाही. आणि लग्न झालं की बाईची रोकड, तिची कमाई, तिचं सामानसुमान नवऱ्याचं व्हायचं. वेगळा करारनामा केला असेल तरच काही वाचायचं. विवाहित बाईच्या मालमत्तेचे कायदे तिथे आले १८७० आणि १८८२ साली. तोवर जेनला जाऊन पन्नास-साठ वर्षं झाली होती. बऱ्या घरच्या मुलीला करण्यासारखं कामही जवळपास एकच, दुसऱ्याच्या घरी राहून त्यांच्या मुलांना शिकवायचं. त्यात पगार थोडा, आणि मान ना मालकिणीचा ना मोलकरणीचा. तेव्हा मैत्रिणींनो, लग्न हीच पोटापाण्याची सोय होती.

आता पाच बहिणी. कादंबरीचं नाव ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’, छापली १८१३ साली. बेनेट नावाच्या गृहस्थांना पाच मुली, मुलगा नाही. इस्टेटीचं वर्षाचं उत्पन्न दोन हजार पौंड, पण इस्टेट बांधलेली, त्यामुळे ते गेल्यावर सगळं कॉलिन्स नावाच्या नातलगाला जाणार. बेनेटबाईंना सतत एकच घोर, मुलींची लग्नं. गावात श्रीमंत बिनलग्नाचा मुलगा राहायला आला की बाई लगेच नवऱ्याच्या मागे लागतात, जाऊन भेटा, ओळख काढा. कादंबरीचं पहिलंच वाक्य गंमतीचं आहे. श्रीमंत तरुणाला बायकोची गरज असते, असा जगाचा नियम असल्यासारखं जेन मोठ्या गंभीरपणे सांगते. पुढे वाचत गेलं की कळतं, खरी गरज मुलींच्या आयांना आहे.

बेनेटबाई बडबड्या आहेत, उथळ आहेत, चारचौघांत मुलींना लाज आणतात. दोनशे वर्षं लोक त्यांना हसतात आणि बेनेटसाहेबांना शहाणे, मिश्कील समजतात. आमचं मत जरा वेगळं आहे. कादंबरीत पुढे एक जागा येते, तिथे जेन या साहेबांचा हिशेब उघडा करते. लग्न झालं तेव्हा साहेबांनी शिल्लक टाकायची गरजच नाही असं धरलं, कारण मुलगा तर होणारच होता. मुलगा वयात आला की बापलेक मिळून इस्टेट मोकळी करून घेतील, म्हणजे बायको आणि धाकटी मुलं यांची सोय आपोआप होईल. मुलगी झाली. मग दुसरी, तिसरी, चौथी, पाचवी. पाचवीनंतरही बेनेटबाई कित्येक वर्षं मुलाची वाट बघत होत्या. आशा सुटली तेव्हा बचत सुरू करायला फार उशीर झाला होता. बायको आणि पाच मुलींसाठी ठरवून ठेवलेली रक्कम पाच हजार पौंड. म्हणजे आईच्या पश्चात एकेका मुलीला एक हजार, आणि सरकारी रोख्यात त्याचं व्याज वर्षाला शेकडा चार. चाळीस पौंड!

ही जागा सांगितली तेव्हा बैठकीत कुणी हसलं नाही. मुलगा होईल म्हणून थांबलेली घरं सगळ्यांनी पाहिलेली असतात.

इस्टेटीचा वारस कॉलिन्स एकदा पाहुणा म्हणून येतो. तो धर्मगुरू आहे. त्याच्यावर मेहेरबान असलेल्या श्रीमंत बाईने लग्न कर म्हणून सांगितलंय, म्हणून त्याला लग्न करायचंय. नजर आधी थोरलीवर. तिचं जमण्यातलं आहे असं बेनेटबाई सुचवतात, तर बाई शेगडीतला विस्तव सारखा करेपर्यंत त्याचं मन दुसरीवर, एलिझाबेथवर, येऊन बसतं. मग तो तिला रीतसर मागणी घालतो. लग्न का करायचं याची कारणं पहिलं, दुसरं, तिसरं अशी मोजून सांगतो. ती नाही म्हणते. तो खूश होऊन सांगतो की चांगल्या मुली आधी नाहीच म्हणतात. ती पुन्हा नाही म्हणते, तरी त्याला पटत नाही. वर तो तिला तिच्या हजार पौंडांची आणि शेकडा चारची आठवण करून देतो आणि सुचवतो की दुसरं कुणी विचारेल याची खात्री नाही. बाईच्या ‘नाही’चा अर्थ पुरुषाला कसा ऐकू येत नाही, हे इतकं हसवत सांगितलेलं आम्ही दुसरीकडे वाचलेलं नाही. आई चिडते, या मुलीचं तोंड बघणार नाही म्हणते. बाप मात्र मुलीच्या बाजूने उभा राहतो. तेवढा मान त्यांना द्यायला हवा.

तीन दिवसांच्या आत कॉलिन्स दुसरी मागणी घालतो, एलिझाबेथची मैत्रीण शार्लट हिला. शार्लटचं वय सत्तावीस, दिसायला साधी, घरात धाकटी भावंडं. ती हो म्हणते. एलिझाबेथला धक्का बसतो. शार्लटचं म्हणणं सरळ आहे: प्रेमाच्या कल्पना मला नाहीत, मला आपलं घर हवंय.

इथे आमच्या गटांत दोन तट पडले. तरुण मुली एलिझाबेथकडून, वयस्क बाया शार्लटकडून. एक आजी म्हणाल्या, नावं ठेवायला काय जातंय, भावाच्या संसारात म्हातारं होऊन दाखवा. जेनने शार्लटला ना दुःखात लोटलंय, ना फार सुखात ठेवलंय. पुढे एलिझाबेथ तिच्या घरी राहायला जाते तेव्हा काय बघते? शार्लटने आपल्या बसण्यासाठी मागची, कमी चांगली खोली घेतली आहे. पुढची खोली घेतली असती तर नवरा सारखा तिथेच येऊन बसला असता. नवऱ्याला ती बागकाम करायला प्रोत्साहन देते, तब्येतीला चांगलं म्हणून. तो मूर्खासारखं काही बोलला तर तिला बहुतेक ते ऐकूच येत नाही. घर नीटनेटकं, कोंबड्या आहेत, कारभार तिच्या हातात. हसू येतं, आणि मग जरा वेळाने गलबलून येतं. जेनने शार्लटला दोष दिला नाही. तिच्यासमोर दुसरा रस्ताच नव्हता, एवढंच तिने नीट दाखवून दिलं.

एलिझाबेथच्या वाट्याला नंतर वर्षाला दहा हजारवाला डार्सी येतो, आणि ती त्यालाही पहिल्यांदा नाही म्हणते, कारण मागणी घालतानाच तो तिच्या माणसांचा कमीपणा बोलून दाखवतो. त्याच्यामुळे तिच्या थोरल्या बहिणीचं जमत आलेलं मोडलेलंही असतं. तो सुधारतो, धाकटीने पळून जाऊन घातलेला गोंधळ कुणाला न सांगता निस्तरतो, तेव्हा कुठे गाडी रुळावर येते. बहीण विचारते, त्याच्यावर मन कधी बसलं? एलिझाबेथ थट्टेत सांगते, त्याची इस्टेट पाहिली तेव्हापासून. ही थट्टाच का, यावर जाणकार अजून वाद घालतात. आम्हाला वाटतं थट्टाच, पण ती सुचायला खिशाची काळजी ठाऊक असावी लागते.

आता एक दुसरी कादंबरी, ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’, १८११ सालची. तिच्या सुरुवातीला नवराबायकोचं एक बोलणं आहे, आणि आम्हाला विचाराल तर जेनच्या सगळ्या लिखाणात ते पहिल्या नंबरचं. जॉन डॅशवुडचे वडील मरताना त्याच्याकडून वचन घेतात की सावत्र आई आणि तीन सावत्र बहिणींना सांभाळ. इस्टेट त्याच्याकडे आली आहे. त्याच्या आईची मिळकत आधीपासून त्याची, बायकोनेही भरपूर आणलेलं. जॉन मनाशी ठरवतो, बहिणींना एकेक हजार देऊ, एकूण तीन हजार. त्याला स्वतःच्या दिलदारपणाचं कौतुक वाटतं.

बायको ऐकते आणि म्हणते, आपल्या एकुलत्या पोराला लुटणार का? सावत्र बहिणी त्या, खऱ्या थोड्याच. तो म्हणतो, बरं, अर्धे देऊ, पाचशे-पाचशे. ती म्हणते, पाचशे म्हणजे किती उदारपणा! कुठला भाऊ एवढं करतो? मग तो म्हणतो, त्यापेक्षा आईला वर्षाला शंभर बांधून देऊ. ती घाबरते. वर्षासन लावून दिलेली माणसं लवकर मरत नाहीत, आमच्या आईने तीन म्हाताऱ्या नोकरांना द्यायचं कबूल केलं आणि तिला वैताग आला. तुझी सावत्र आई तर चाळिशीचीही नाही, धडधाकट आहे. बरं, मग मधूनमधून पन्नास पौंड पाठवू. कशाला? वडिलांच्या मनात पैसे द्यायचं नसणारच, घर शोधायला मदत, सामान हलवायला मदत, मोसमात मासे आणि शिकारीचं काही पाठवणं, एवढंच असणार. आणि त्या चौघींना वर्षाला पाचशे पौंड आहेतच की. गाडी नाही, घोडे नाहीत, पाहुणे नाहीत, खर्च कुठला? उलट त्याच आपल्याला काही देऊ शकतील!

तीन हजारापासून निघालेली गाडी माशापर्यंत येते आणि कुणाचा आवाजही चढत नाही. दोघांनाही शेवटी आपण न्यायाने वागलो असंच वाटतं. बाईचा शेवटचा मुद्दा काय, तर सासूने चिनीमातीची चांगली भांडी बरोबर नेली, तीही त्यांच्या नव्या घराच्या मानाने जास्तच!

आपल्याकडे हे बोलणं वाटणीच्या वेळी होतं. महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या होत्या. २००५ साली केंद्राने हिंदू वारसा कायदा बदलला आणि ती अट गेली. म्हणजे कायद्याने आपण जेनच्या बायांच्या पुष्कळ पुढे आहोत. तरी हक्कसोडपत्र समोर आलं की बहीण सही करते, कारण माहेर तुटेल ही भीती. आणि दिवाळीला साडीचोळी येते. मासे काय नि साडी काय. ही गोष्ट ऐकल्यावर एका गटात ज्यांनी सही केली होती त्या बोलल्या, आणि ज्यांनी नणंदांच्या सह्या घेतल्या होत्या त्याही बोलल्या. एकाच सतरंजीवर दोन्ही बसल्या होत्या. त्या दिवशीची बैठक लांबली.

हे सगळं लिहिणाऱ्या जेनच्या स्वतःच्या आयुष्यात काय झालं? विशीत असताना टॉम लफ्रॉय नावाच्या तरुणाशी तिची ओळख झाली. नाचगाणी, गप्पा, थोडी गावभर चर्चा. दोघांकडेही पैसा नव्हता, त्याच्या माणसांनी त्याला तिथून हलवलं. पुढे तो आयर्लंडचा सरन्यायाधीश झाला. थोरली बहीण कॅसँड्रा हिचं लग्न ठरलं होतं. तो मुलगाही पैशासाठी थांबलेला. फौजेबरोबर धर्मगुरू म्हणून तो वेस्ट इंडीजला गेला आणि १७९७ मध्ये पीतज्वराने तिकडेच वारला. कॅसँड्राने पुन्हा लग्नाचा विचार केला नाही.

मग आला डिसेंबर १८०२. जेन सत्तावीस वर्षांची होण्यात दोन आठवडे बाकी. शार्लटचंच वय, पण शार्लट छापून यायला अजून दहा वर्षं होती. मैत्रिणींच्या घरी दोघी बहिणी राहायला गेल्या असताना मैत्रिणींच्या भावाने, हॅरिस बिग-विदरने, जेनला मागणी घातली. मॅनिडाउन नावाच्या मोठ्या इस्टेटीचा तो वारस. होकार दिला असता तर तिची, बहिणीची, म्हाताऱ्या आईबापांची सोय लागली असती. तिने संध्याकाळी हो म्हटलं. घरात आनंदीआनंद. रात्र गेली, आणि सकाळी तिने नकार दिला. दोघी बहिणी घाईने तिथून निघाल्या. त्या रात्री तिच्या मनात काय चाललं होतं, ते तिने कुठे लिहून ठेवलेलं आपल्याकडे आलेलं नाही. कॅसँड्राने नंतर तिची पुष्कळ पत्रं जाळली.

नकाराची किंमत लवकरच कळली. जानेवारी १८०५ मध्ये वडील गेले आणि त्यांच्याबरोबर चर्चचं उत्पन्नही गेलं. आई आणि दोन मुली. भावांनी वर्षाला ठरावीक वर्गणी काढून त्यांना द्यायचं ठरवलं. भाऊ जॉन डॅशवुडसारखे नव्हते, हे सांगायला हवं. तरी दिलेल्यावर जगायचं ते जगायचंच. चार वर्षं त्या भाड्याच्या घरांत, नातेवाइकांकडे, इकडून तिकडे फिरत राहिल्या. शेवटी १८०९ साली, श्रीमंत नातलगांकडे दत्तक गेलेल्या एडवर्ड या भावाने चॉटन गावातलं आपलं एक घर त्यांना दिलं. तिथे जेन स्थिर झाली आणि छापण्याच्या कामाला लागली.

लग्नाबद्दल तिने सल्ला दिला तो एका भाचीला, पत्रातून. भाचीला एक मुलगा आवडतही होता आणि नव्हताही. १८१४ मध्ये जेनने तिला कळवलं की मन नसताना लग्न करण्याइतकं वाईट काही नाही, त्यापेक्षा दुसरं काहीही सोसावं. १८१७ मध्ये त्याच भाचीला लिहिताना तिने हेही म्हटलं की एकट्या राहणाऱ्या बायका गरीब होतात फार, आणि लग्नाच्या बाजूने हा मोठाच मुद्दा आहे. यातलं खरं कुठलं? आम्हाला वाटतं तिला दोन्ही खरं वाटत होतं, आणि यातलं एकच सांगणाऱ्या माणसावर तिचा विश्वास नसावा. ‘एमा’ कादंबरीत श्रीमंत एमा म्हणते की मला लग्नाची गरज नाही. बिनलग्नाच्या बाईला लोक हसतात ते तिच्या गरिबीमुळे, माझ्याकडे पैसा आहे. त्याच गावात मिस बेट्स नावाची गरीब, बिनलग्नाची, न थांबता बोलणारी बाई आहे. सहलीत एमा सगळ्यांदेखत तिची टिंगल करते. नंतर एमाचा शेजारी, जुना स्नेही, तिला खडसावतो: ती तुझ्या बरोबरीची असती तर गोष्ट वेगळी. ती गरीब आहे, पुढे अजून गरीब होईल. एमा घरी जाताना गाडीत रडते. जेनची परिस्थिती एमापेक्षा मिस बेट्सच्या जवळची होती.

फरक एकच, जेन कमवायला लागली. १८०३ मध्ये तिने एक कादंबरी दहा पौंडांना विकली. प्रकाशकाने पैसे दिले आणि छापलीच नाही. ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’ तिने नुकसानीची जोखीम स्वतः घेऊन छापून घेतली. वर नाव नाही, फक्त एका बाईने लिहिली एवढंच. तिचे एकशे चाळीस पौंड सुटले. ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’चे हक्क तिने एकशे दहाला विकून टाकले, मागितले होते दीडशे. पुस्तक जोरात खपलं, नफा प्रकाशकाचा. पुढची दोन तिने पुन्हा आपल्या जोखमीवर काढली. १८१६ मध्ये, जेव्हा नाव न टाकताही तिची पुस्तकं गाजत होती, तेव्हा भावामार्फत तिने ती पडून राहिलेली जुनी कादंबरी त्याच दहा पौंडांना परत घेतली. व्यवहार पुरा झाल्यावर भावाने प्रकाशकाला सांगितलं की लेखिका कोण आहे. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं असेल!

त्याच वर्षी तिच्या एका भावाची, हेन्रीची, बँक बुडाली आणि घरातल्या अनेकांचे पैसे गेले. तिची तब्येतही ढासळत होती. २७ एप्रिल १८१७ ला तिने स्वतःच्या हाताने मृत्युपत्र लिहिलं. पन्नास पौंड हेन्रीला, पन्नास हेन्रीचं घर सांभाळणाऱ्या बाईला, उरलेलं सगळं कॅसँड्राला. तिचं लग्न झालेलं असतं तर त्या वेळच्या कायद्याने नवऱ्याच्या संमतीशिवाय तिला हे मृत्युपत्र करता आलं नसतं.